बैलाचं काळीज, रशियन ॲना आणि बदामाचा एक्का: बदामी टोमॅटोचा वाण निवडायचा कसा?

गणपती उठले की गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या घरात एक ठरलेलं काम निघतं. रिकाम्या कुंड्या उलट्या करायच्या, माती उन्हात पसरायची आणि यंदा टोमॅटो कोणता लावायचा यावर वाद घालायचा. पूर्वी हा वाद दोन मिनिटांत मिटायचा, कारण पर्याय दोनच होते: गावठी नाहीतर हायब्रीड. आता बियांच्या पुड्यांवर ‘ॲना रशियन’, ‘हंगेरियन हार्ट’, ‘कोसोव्हो’, ‘त्सार कोलोकोल’, ‘क्वोरे दी बुए’ अशी नावं असतात. दहा-बारा बियांना मंडईतल्या किलोभर टोमॅटोपेक्षा जास्त पैसे पडतात. आणि बहुतेक पुड्यांवर चित्र एकच: खांद्याला रुंद, खाली निमुळता होत गेलेला, हृदयाच्या आकाराचा लठ्ठ टोमॅटो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी अशा चार पुड्या माझ्यापुढे टाकल्या आणि विचारलं, “अरे, फोटो सगळ्यांवर एकच, मग नावं चार कशाला? आणि यातला चवीला कुठला बरा, तेवढं सांग.” प्रश्न साधा होता, पण उत्तराला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांना शेवटी पटलं ते एवढंच: पुडीवरचं नाव म्हणजे टोमॅटोचं आडनाव आणि गाव. त्यावरून घराणं कळतं. स्वभाव कळायला मात्र सोबत राहावं लागतं.

## आधी आकाराला आपलं नाव देऊ

या टोमॅटोंना आपण सरसकट ‘हार्ट शेप’ म्हणतो. खरं तर हा शब्द मराठीत आधीपासून आहे आणि रोजच्या वापरातला आहे. पत्ते पिसताना आपण इस्पिक, किलवर, चौकट आणि बदाम म्हणतो. म्हणजे हृदयाचा आकार आपल्याला बदामासारखा दिसला. म्हणून या लेखात मी यांना बदामी टोमॅटो म्हणणार आहे. बदामी नावाचा आंबा असतो आणि बदामी रंगही असतो, पण इथे फक्त आकार डोळ्यांपुढे ठेवा.

युरोपात मात्र पत्त्यातला बदाम कुणाला आठवला नाही. त्यांना आठवला बैल. इटालियन ‘क्वोरे दी बुए’, फ्रेंच ‘कर द बफ’, जर्मन ‘ऑक्सनहेर्त्स’, रशियन ‘बीचिये सेर्त्से’, इंग्रजी ‘ऑक्सहार्ट’, या सगळ्यांचा अर्थ बैलाचं काळीज. (मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृत मिळतं, हे मान्य. इथे कवितेतलं काळीज समजा.) आणि उपमा अचूक आहे. बदामाच्या पत्त्याला वर जशी खाच असते तशी या टोमॅटोला फारशी नसते. तो खऱ्याखुऱ्या हृदयासारखा, थोडा वाकडा, एका अंगाला फुगलेला असतो.

गंमत म्हणजे इंग्रजीत ‘बुलक्स हार्ट’ नावाचं एक फळ आहे, आणि ते आपण लहानपणापासून खातो. ते म्हणजे रामफळ. त्यांना ज्या फळात बैलाचं हृदय दिसलं, त्याला आपण रामाचं नाव दिलं. नावाला वस्तूचा आकार जितका घडवतो तितकाच बघणाऱ्याचा मुलूखही घडवतो, हे पुढे टोमॅटोच्या बाबतीत वारंवार दिसेल.

## टोमॅटो बदामी होतो कसा?

टोमॅटो आडवा कापा. आत कप्पे दिसतील, कप्प्यांत बुळबुळीत रस आणि त्यात बिया. रानटी टोमॅटोचं फळ वाटाण्याएवढं आणि दोन कप्प्यांचं असतं. माणसाने हजारो वर्षं मोठी मोठी फळं निवडत नेली, आणि त्या निवडीत काही जनुकांचे बदल जमा होत गेले. जनुक म्हणजे पेशीतल्या पाककृतीच्या वहीतली एक कृती, एवढं समजलं तरी पुरे.

बदामी आकाराला मुख्यतः दोन ओढी कारण असतात. एक ओढ फळ रुंद करते: ‘फास’ आणि ‘एलसी’ या नावांचे जनुकीय बदल कप्प्यांची संख्या वाढवतात. मोदकाच्या पारीला पाकळ्या जास्त घेतल्या की मोदक जसा पसरतो, तसं. दुसरी ओढ फळ लांबवते. ती ‘सन’ नावाच्या जनुकाची. दोन्ही एकत्र आल्या की खांदे रुंद आणि बूड निमुळतं असं फळ तयार होतं. उकडीचा मोदक उलटा धरा, झाला बदामी टोमॅटो.

या ‘सन’ची कथा मला फार आवडते. ओहायो राज्य विद्यापीठात एस्थर व्हान देर क्नाप यांच्या गटाने ती २००८ साली उलगडली. जनुकांमध्ये काही उड्या मारणारे तुकडे असतात. अशा एका तुकड्याने उडी मारताना दहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची नक्कल सोबत नेली आणि ती सातव्या गुणसूत्रावर नेऊन चिकटवली. जनुक तेच, पण नव्या जागी त्याचा आवाज वाढला. देवळात हळू आवाजात पोथी वाचणारे गुरुजी चुकून लाउडस्पीकरसमोर बसावेत, तसा प्रकार. शब्द बदलले नाहीत, पण सगळ्या गावाला ऐकू जायला लागले, आणि फळ लांब झालं.

बदामी वाणांची आणखी एक खूण पानांत दिसते. यातल्या पुष्कळ वाणांची पानं बारीक, विरळ आणि लोंबती असतात. रोप बघून वाटतं की पाणी कमी पडलंय किंवा विषाणू लागलाय. नवखा माणूस घाबरून पाणी वाढवतो आणि मुळं कुजवतो. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. रोपाचा शेंडा ताजा हिरवा असेल आणि नवी पानं येत असतील तर ते मरगळलेलं दिसणं हाच त्याचा स्वभाव समजावा.

## हापूसची कोय लावून हापूस येत नाही, मग टोमॅटोचं काय?

पुड्यांवरचा दुसरा बुचकळ्यात टाकणारा शब्द म्हणजे ‘हेरलूम’. याचा अर्थ वडिलोपार्जित. आजीच्या पाटल्या जशा सुनेकडे जातात, तसं एका पिढीने दुसरीकडे दिलेलं बी.

काकूंना लगेच शंका आली. हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही, कलमच करावं लागतं. मग टोमॅटोचं बी पेरल्यावर तोच टोमॅटो येईल हे कशावरून? शंका रास्त आहे. आंब्याच्या मोहोरावर शेजारच्या झाडाचे परागकण सहज येतात, म्हणून कोयीतून येणारं झाड रायवळ निघतं, आईसारखं असेलच असं नाही. टोमॅटोचं फूल मात्र बहुधा स्वतःच्याच परागकणांवर फळतं. असं पिढ्यानपिढ्या चाललं की झाडातली प्रत्येक कृती दोन्ही प्रतींत सारखीच होऊन जाते. मग बी पेरलं की आईसारखंच लेकरू येतं. अशा स्थिरावलेल्या, बी राखून पुन्हा पेरता येणाऱ्या वाणाला सरळ वाण म्हणतात. हेरलूम म्हणजे असा जुना सरळ वाण.

हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या सरळ वाणांच्या संकराची पहिली पिढी. ती एकसारखी आणि जोमदार असते. पण तिचं बी धरून पेरलं की भावंडं एकमेकांसारखी राहत नाहीत. एवढाच फरक. हायब्रीड म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घुसवलेला टोमॅटो, हा समज चुकीचा आहे. जनुकबदल केलेलं पीक म्हणून भारतात शेतकऱ्यांच्या शेतात मोठ्या प्रमाणावर पोचलं ते बीटी कापूस. मंडईतल्या टोमॅटोचा त्याच्याशी संबंध नाही.

‘जुना’ म्हणजे किती जुना, यावर मात्र एकमत नाही. कुणी ५० वर्षं धरतं, कुणी हायब्रीड बियाणं सर्वत्र पसरण्याआधीचा, म्हणजे १९४०च्या दशकाच्या आसपासचा काळ धरतं. अमेरिकेत हे बी गोळा करण्याची चळवळ उभी राहिली ती १९७५ साली सुरू झालेल्या ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’मुळे. त्या संस्थेच्या मुळाशी होती एका आजोबांनी नातीला दिलेली दोन बियाणी: एक फुलवेल आणि एक ‘जर्मन पिंक’ टोमॅटो. दोन्ही त्यांच्या घराण्यात बव्हेरियातून आलेली. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांसाठी जे केलं, त्याची जात हीच. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळ शहरी लोकांना पहिल्यांदा कळलं की बी राखणं हेही काम असतं.

एक सावधगिरी: हेरलूमच्या यादीत दिसणारं सगळंच जुनं नसतं. केशरी-लाल पट्ट्यांचा ‘ऑरेंज रशियन ११७’ हा देखणा बदामी टोमॅटो ‘रशियन ११७’ आणि ‘जॉर्जिया स्ट्रीक’ यांच्या संकरातून कॅलिफोर्नियात निवडून स्थिर केलेला आहे. चांगला आहे, सरळ वाण आहे, पण कुणाच्या पणजीचा नाही.

## चव नेमकी येते कुठून?

टोमॅटोची चव तीन गोष्टींची: साखर, आंबटपणा आणि वास. साखर आणि आंबटपणा जिभेला कळतात. बाकी सगळं, ज्याला आपण ‘टोमॅटोसारखी चव’ म्हणतो, ते नाकाचं काम आहे. चावताना उडणारी सुगंधी द्रव्यं घशामागून नाकात जातात. सर्दी झाली की आमटी पाणी लागते ना, ती याचमुळे.

फ्लोरिडा विद्यापीठातले हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक मोठं काम प्रसिद्ध केलं. रानटी, जुने आणि आधुनिक मिळून ३९८ वाणांची जनुकीय लिपी त्यांनी वाचली आणि लोकांना टोमॅटो खायला देऊन आवडनिवड नोंदवली. चवीशी संबंध असलेली १३ सुगंधी द्रव्यं आधुनिक वाणांत लक्षणीय कमी आढळली. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. पैदासकारांनी उत्पादन, कडकपणा, रोगप्रतिकार आणि एकसारखा रंग यांसाठी निवड केली. चवीची परीक्षा कुणी घेतलीच नाही, म्हणून ती हळूहळू गळत गेली.

एकसारख्या रंगाचंच बघा. जुन्या टोमॅटोंना कच्चेपणी देठाजवळ गडद हिरवे खांदे असतात. बाजाराला ते आवडत नाहीत, म्हणून सगळीकडे सारखा फिका हिरवा राहणारा बदल पैदासकारांनी उचलून धरला. २०१२ साली असं दिसून आलं की त्या बदलात बिघडलेलं जनुक फळातल्या हरितद्रव्याचंच होतं, आणि ते काम करत असेल तर फळात साखर जास्त भरते. म्हणजे देखणेपणासाठी आपण थोडी गोडी विकली. बदामी हेरलूमना हे हिरवे खांदे बहुधा असतात. कधी कधी पिकल्यावरही देठाशी पिवळटपणा राहतो. तेवढा भाग कापून टाकायचा, कुरकुर करायची नाही.

## मग बदामी टोमॅटो सगळ्यात चविष्ट असतो का?

इथे माझं मत पुड्यांवरच्या जाहिरातीपेक्षा वेगळं आहे. बदामी टोमॅटोत गर भरपूर, बिया कमी आणि बुळबुळीत रसही कमी. तो रस आपण कधी कधी फेकून देतो, पण आंबटपणा तिथेच जास्त असतो. शिवाय ग्लुटामेट, म्हणजे ज्यामुळे पदार्थाला भरीव रुचकरपणा येतो ते द्रव्य, गरापेक्षा या रसात जास्त असतं, हे इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या २००७ सालच्या अभ्यासात आढळलं. याचा अर्थ सरळ आहे. बदामी टोमॅटो मऊ, गोडसर, सौम्य आणि मांसल लागणार. चुणचुणीत आंबटपणा हवा असेल तर तो इथे मिळणार नाही.

म्हणून काकूंनी जेव्हा विचारलं, “याचं सार कसं होईल?” तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितलं की साराला आपला चपटा, चुण्यांचा, आंबट गावठी टोमॅटोच बरा. सारात नारळाचं दूध आणि गूळ असतोच, गोडी कशाला वाढवायची? उलट कांदा-टोमॅटोची कोशिंबीर करताना पाणी सुटून ताट भिजतं, तिथे बदामी टोमॅटो सरस ठरतो. जाड काप, वर मीठ, मिरपूड, थोडं तेल. किंवा भाकरीबरोबर ठेचा आणि याचा एक काप. ग्रेव्ही आटवायची असेल तर गॅसही वाचतो.

आणि फ्रिजचं काय? फ्लोरिडा विद्यापीठातच २०१६ साली झालेल्या कामात पिकलेले टोमॅटो ५ अंशांवर सात दिवस ठेवले, तेव्हा सुगंधी द्रव्यं घटली आणि फळ पुन्हा सामान्य तापमानाला आणल्यावरही पुरती परतली नाहीत. एवढा महागाचा वाण लावून, चार महिने सांभाळून, फळ फ्रिजच्या ट्रेमध्ये टाकणार असाल तर बाजारचं हायब्रीड आणा, पैसे वाचतील.

## गुलाबी आणि लाल यांत फरक किती?

पुड्यांवर ‘गुलाबी’ शब्दाला फार भाव आहे. प्रत्यक्षात लाल आणि गुलाबी टोमॅटो सोलून बाजूबाजूला ठेवले तर ओळखू येणार नाहीत. गर दोघांचा लालच. लाल टोमॅटोची साल पिवळसर असते, गुलाबीची साल रंगहीन. लाल कागदावर पिवळा जिलेटीन पेपर ठेवून आणि काढून बघा, तसाच प्रकार. चॉकलेटी किंवा ‘काळ्या’ टोमॅटोंत पिकतानाही हरितद्रव्य पुरतं जात नाही. लालाखाली हिरवा राहिला की तपकिरी दिसतो. हे रंग घराणं ओळखायला उपयोगी आहेत. चवीची हमी म्हणून नाहीत.

## नावं कोण ठेवतं?

आता मुख्य गोष्ट. हापूसला पोर्तुगीज अफोन्सो द आल्बुकर्कचं नाव चिकटलं. गोव्याचा मानकुराद हा मूळचा ‘मालकोराद’, म्हणजे वाईट रंगाचा, असं सांगतात. आज त्याच्या एका डझनाचा भाव ऐकून रंग आपला उडतो. टोमॅटोची नावंही अशीच ठेवली गेली. ती ठेवणाऱ्याला बी ज्याने दिलं तो माणूस आठवला, किंवा गाव, किंवा समोरची एखादी वस्तू.

माणसाच्या नावाचा ठळक नमुना ‘ॲना रशियन’. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एका कुटुंबाकडे हे बी एका रशियन स्थलांतरिताकडून आलं, आणि नावात बाई व देश दोन्ही राहिले. ‘हंगेरियन हार्ट’ बुडापेस्टपासून सुमारे २० मैलांवरच्या एका गावातून १९००च्या आसपासचा, असं त्याच्यासोबत सांगितलं जातं. ‘कोसोव्हो’ हे बी तिथे संयुक्त राष्ट्रांसाठी काम करणाऱ्या माणसाने अमेरिकेत आणलं. युद्धाने ओळखल्या गेलेल्या मुलखाचं नाव एका गुलाबी, गोड फळाला मिळालं.

रशियन लोक नावं ठेवण्यात जरा जास्तच रमतात. ‘त्सार कोलोकोल’ म्हणजे घंटांचा सम्राट. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये सुमारे २०० टनांची एक घंटा आहे, तिचं हे नाव. १७३७ सालच्या आगीत तिचा टवका उडाला आणि ती कधी वाजलीच नाही. टोमॅटो मात्र घंटेसारखाच खाली लोंबतो, फक्त टोक वेगळं. ‘बुद्योनोव्का’ हे क्रांतीनंतरच्या यादवीत लाल सैन्य वापरायचं त्या टोकदार कापडी टोपीचं नाव. टोमॅटो बघा, टोपी आठवतेच.

आणि ‘दांको’. मॅक्सिम गॉर्कीच्या एका कथेत दांको नावाचा तरुण अंधाऱ्या जंगलात वाट चुकलेल्या आपल्या माणसांसाठी स्वतःचं हृदय छाती फाडून काढतो आणि मशालीसारखं उंच धरून वाट दाखवतो. रशियन शाळकरी मुलालाही ही कथा माहीत असते. सायबेरियातल्या एका बदामी, तांबड्या टोमॅटोला हे नाव आहे. हनुमानाने छाती फाडून राम दाखवला, ते चित्र ज्यांच्या घरी भिंतीवर होतं त्यांना या नावातला जिव्हाळा समजावून सांगायला नको. माझ्या मते जगातल्या टोमॅटोंच्या नावांत हे सर्वांत सुंदर.

कधी कधी नाव अगदी समोर ठेवलं जातं. १९९० साली टेनेसीतल्या एका गृहस्थांनी क्रेग लहूलिए नावाच्या टोमॅटोवेड्या रसायनशास्त्रज्ञाला निनावी बी पाठवलं. हे चेरोकी लोकांकडून शंभरेक वर्षांपूर्वी आलं, एवढीच माहिती सोबत होती. फळ जांभळट निघालं. लहूलिए यांनी त्याला ‘चेरोकी पर्पल’ म्हटलं, आणि आज तो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हेरलूमपैकी एक आहे. तो बदामी नाही, चपटा आहे. पण हेरलूमचं ‘प्राचीन’ नाव प्रत्यक्षात किती ताजं असू शकतं, हे यावरून कळतं. बी जुनं, नाव १९९० चं.

## एकच नाव, दोन टोमॅटो

काकूंच्या चार पुड्यांपैकी एकीवर ‘ऑक्सहार्ट’ आणि दुसरीवर ‘क्वोरे दी बुए’ होतं. अर्थ एकच, मग वाण एकच का? नाही. इटलीत लिग्युरिया किनाऱ्यावरच्या अल्बेंगाचा ‘क्वोरे दी बुए’ पुष्कळदा चुण्यांच्या बटव्यासारखा असतो, पान-सुपारीची चंची वरून ओढून बांधावी तसा. अमेरिकेतला ‘ऑक्सहार्ट’ गुळगुळीत आणि टोकदार. फ्रान्समध्ये तर यावरून ग्राहक चिडतात: सुपरमार्केटमध्ये ‘कर द बफ’ म्हणून खोल चुण्यांचे हायब्रीड टोमॅटो विकले जातात, आणि जाणकार म्हणतात की खरा बैलाच्या काळजाचा टोमॅटो गुळगुळीत असतो. ‘बैलाचं काळीज’ हे एका वाणाचं नाव राहिलंच नाही, ते आकाराचं जातिवाचक नाव झालं आहे. आपल्याकडे ‘कोल्हापुरी’ म्हटलं की चप्पल असेल, मिसळ असेल, गूळही असेल, तसं.

अशा गोंधळासाठी लागवडीतल्या वनस्पतींच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची पहिली आवृत्ती १९५३ सालची. तिचं म्हणणं साधं आहे: वाणाचं नाव एकेरी अवतरणात लिहा, एकाच पिकात तेच नाव दोघांना देऊ नका, आणि १९५९ पासून नवी नावं लॅटिनमध्ये नकोत. नावाचं भाषांतर केलं तर ते मूळ नाव राहत नाही, व्यापारी नाव होतं. म्हणून आपण ‘ॲना रशियन’चं ‘रशियन अनुबाई’ करू नये, कितीही मोह झाला तरी. लिपी बदलावी, नाव बदलू नये.

## माझ्या कुंडीत नवाच टोमॅटो आला, त्याला नाव देऊ का?

असं होतं. टोमॅटो स्वतःवरच फळतो हे खरं, पण मोठ्या फळांच्या वाणांत फुलं कधी कधी जोडफुलं असतात, त्यांची मादी दांडी बाहेर डोकावते, आणि मधमाशी दुसऱ्या वाणाचे परागकण आणते. पुढच्या वर्षी रोपं तऱ्हेतऱ्हेची निघतात. त्यातलं एखादं फळ अप्रतिम निघालं तर लगेच नाव ठेवायला जाऊ नका. संकरातलं वैविध्य प्रत्येक पिढीला निम्म्याने कमी होतं: ज्या जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असतात अशा जोड्या दुसऱ्या पिढीत निम्म्या उरतात, तिसरीत पाव, चौथीत एक अष्टमांश. सातव्या पिढीपर्यंत त्या एक चौसष्टांश उरतात. म्हणजे पाच-सात वर्षं तेच फळ निवडत राहिलात तर बारसं करायला हरकत नाही.

विकायचं किंवा नोंदवायचं असेल तर भारतात २००१ सालचा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा लागू होतो. त्यात शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त ब्रँडच्या नावाने नाही. नोंदणीसाठी नावावर काही बंधनं आहेत: नुसते आकडे चालत नाहीत, फसवणारं किंवा धार्मिक भावना दुखावणारं नाव चालत नाही, आणि नावात ठिकाण आलं तर नोंदणी अडू शकते, वापर प्रामाणिक आहे असं निबंधकाला वाटलं तर ती बाब वेगळी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने टोमॅटोच्या वाणांना ‘धनश्री’, ‘भाग्यश्री’ अशी नावं दिली. ऐकायला लग्नपत्रिकेतली वाटतात, पण नियमात चोख बसतात.

## आपल्या हवेत जमेल का, आणि शेतकऱ्याने लावावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेट भरून पाठवायला हा टोमॅटो नाही. साल पातळ, फळ मऊ, टोक एकमेकांना लागून फुटतं. पानं आकसवणारा विषाणू पांढरी माशी पसरवते, त्याला जुने वाण बहुधा तोंड देऊ शकत नाहीत. हायब्रीड शेतकऱ्याने निवडलं ते अडाणीपणाने नाही. त्याला मुंबईपर्यंत शाबूत माल पोचवायचा असतो.

घरच्यासाठी मात्र जमतं, वेळ साधली तर. रात्रीचं तापमान २१-२२ अंशांच्या वर राहिलं की या मोठ्या वाणांची फुलं गळतात. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बी टाकायचं, महिन्याने रोप लावायचं. रोप लावल्यापासून पिकलेलं फळ हाती यायला ८० ते ९० दिवस धरा. फेब्रुवारीचं ऊन तापायच्या आत खाऊन घ्यायचं. कोकणात आणि मुंबईत थंडीची खिडकी आणखी लहान, तिथे ठेंगणे आणि लवकर येणारे वाण बरे. आणखी एक त्रास: लांबट फळांच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. तो रोग नाही. एक दिवस कोरडं, एक दिवस पाण्याचा पूर, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. मोठी कुंडी आणि रोज सारखं पाणी हा उपाय.

म्हणून काकूंना मी सांगितलं ते असं. पहिल्यांदाच लावणार असाल तर ‘दांको’: झाड कमरेएवढं राहतं, फळ फार मोठं नाही. चवीसाठी एकच लावायचा असेल तर ‘ॲना रशियन’, बदामींमध्ये तो जरा लवकरही येतो. ग्रेव्ही करायची असेल तर ‘आमिश पेस्ट’, बदामी आणि लांबट टोमॅटो यांच्या मधल्या आकाराचा. ‘त्सार कोलोकोल’ नावासाठी लावा, पाहुण्यांना सांगायला गोष्ट तरी होते. प्रत्येकाची दोन-दोन रोपं लावा आणि आंधळी चव घ्या: काप ताटलीत, नावं कागदाखाली.

## पुडीत जे लिहिलं तेच निघेल का?

बहुधा. नेहमी नाही. एका ऑनलाइन दुकानातून मी ‘ॲना रशियन’ मागवला होता. चार रोपांपैकी तीन गुलाबी, टोकदार निघाली, चौथ्याला गोल, लाल, चेंडूसारखी फळं आली. बी काढताना कुणाच्या तरी बागेत भेसळ झाली असणार. दुकानाला कळवलं, त्यांनी एक पुडी फुकट पाठवली, त्यावरही चित्र तेच.

त्या तिघांतल्या सर्वांत पहिल्या, सर्वांत चांगल्या फळाचं बी मी धरलं: रस वाटीत काढून दोन-तीन दिवस आंबवला, वर बुरशीची साय धरली की धुऊन ताटलीत सावलीत वाळवला. फूल उमलायच्या आधी त्यावर मलमलची छोटी पिशवी बांधली होती, म्हणजे मधमाशीचा प्रश्न नाही. पाकिटावर नाव, कुठून आलं आणि साल लिहिलं. चौथ्याचं बीही ठेवलं आहे, कारण कोशिंबिरीत काकूंना तोच सगळ्यांत आवडला. त्याच्या पाकिटावर लिहिलंय: ‘ॲना रशियन म्हणून आलेला. लाल, गोल. नाव नाही.’